जाळीची अळंबी

“बोट खाली घे! कुसतला तां!”

भागी झोरे माझ्यावर अशी खेकसली, की मी बोट तर खाली घेतलंच, खांद्यावरची कॅमेऱ्याची बॅगही खाली ठेवली. कोवळ्या काकडीला बोट दाखवलं की ती कुजते, हे आईने लहानपणी शिकवलं होतं. अळंबीचीही तीच तऱ्हा असते हे मला अठ्ठाविसाव्या वर्षी कळलं. भागीने स्वतः हनुवटी पुढे काढून जागा दाखवली. बांबूच्या बेटाच्या बुडाशी, कुजक्या पानांतून, कोंबडीच्या अंड्याएवढं काहीतरी पांढुरकं वर आलं होतं.

“हेच!” हेरवाडकर मॅडम म्हणाल्या आणि चिखलाचा विचार न करता तिथेच गुडघे टेकून बसल्या. “मावशी, जाळीवाली अळंबी यातूनच बाहेर येते ना?”

“मगे काय कोंबडो येतलो?” भागी म्हणाली.

ही एकोणीसशे शहाऐंशीच्या श्रावणातली गोष्ट. रविवार होता. सावंतवाडीत मोती तलावाजवळ माझा स्टुडिओ, ‘पेडणेकर फोटो’. लग्न, मुंज, बारसं आणि पासपोर्ट एवढंच माझं जग होतं. त्यात आठ दिवसांपूर्वी ही बाई दुकानात आली. शैलजा हेरवाडकर, कोल्हापूरच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. भावाच्या कॅमेऱ्याने जंगलातल्या अळंब्यांचे फोटो काढून आणले होते आणि रोल धुवायला दिला होता. फोटो आले तेव्हा एकही धड नव्हता. सगळीकडे धुकं, आणि एका फोटोत तर तिचीच चप्पल. मला हसू आवरेना. मला वाटलं, आता बाई रागावणार. तर ती माझ्यापेक्षा मोठ्याने हसली आणि म्हणाली, “मग तुम्हीच चला की!”

त्या दिवसापासून तोंडाने मी तिला मॅडम म्हणत होतो आणि मनात शैलजा.

घाटातल्या अळंब्यांवर ती प्रबंध लिहीत होती. पावसाळ्यात वारुळावर उगवतात त्या खायच्या, झाडाच्या खोडाला कानासारख्या चिकटतात त्या, केशरी, जांभळ्या, सगळ्या. पण एका अळंबीवर घोडं अडलं होतं. धनगरवाड्यातल्या बायका सांगायच्या, एक अळंबी अशी असते की तिच्या टोपीखालून पांढरी जाळी उतरते, थेट जमिनीपर्यंत. तिच्या सरांनी ते उडवून लावलं. “गावातल्या लोकांना भुतंसुद्धा दिसतात. फोटो आणा, मग लिहा,” म्हणाले. बाटलीत घालून न्यावी तर रात्रीत तिचा लगदा होतो. म्हणजे जाळी पूर्ण उतरलेली असताना फोटो काढायचा, दुसरा इलाज नव्हता.

“आमी ह्येका भुताचा जाळा म्हणताव,” भागी सांगत होती. भागी पन्नाशीची असेल. दाणोलीच्या वरच्या अंगाला तिचा धनगरवाडा, आणि आजूबाजूचं रान तिला घरच्या परसासारखं माहीत. “ह्यां खाऊचा न्हय. बघूचा.”

“म्हणजे?”

“फुटला काय तेच्यासमोर बसाचा. मांडयेर हात ठेवन. पडापर्यंत उठाचा नाय.”

“का पण?” शैलजाने वही काढली. तिला काहीही सांगा, ती वही काढायची.

भागीने तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की एवढं शिकून हिला एवढंही कळत नाही. “तां काय रोज येता, बाय? एक दिस येता. न्हेरीच्या वेळार फुटता, दिस डोक्यार येवच्या आदी पडता. कोणीतरी बघूक व्हया ना तेका?”

शैलजाने ते लिहून घेतलं, पण लिहिताना तिचा हात मध्येच थांबला होता. मग तिने विचारलं, फुटणार कधी? “उद्या फुटतला, नायतर परवा. तेच्या मनात इला काय फुटतला,” एवढंच उत्तर मिळालं.

पण आमच्याजवळ दिवस मोजकेच होते. बुधवारी दुपारी अडीचच्या कोल्हापूर गाडीने ती जाणार होती. रजा संपत होती. म्हणजे सोमवार, मंगळवार, बुधवार अशा तीन सकाळी. तिला तीन सकाळींत जाळी हवी होती. मला काय हवं होतं ते मी आजवर बायको सोडून कुणालाही सांगितलेलं नाही, पण आता लपवण्यात काय अर्थ आहे? मला ती हवी होती. गाडी सुटायच्या आत तिला विचारायचं होतं, आणि माझ्या जिभेला नेमक्या त्याच दिवसांत कुलूप लागलं होतं.

सोमवारी पहाटेच्या पहिल्या एसटीने आम्ही दाणोलीला उतरलो आणि चढून गेलो. अंडं तसंच्या तसं. बेटासमोर एक सपाट दगड होता, दोघांना पुरेल एवढा. तिने त्याच्यावर बैठक मारली, मी समोर कॅमेऱ्याचा स्टँड लावला आणि स्टँडच्या मागे उकिडवा बसलो. कॅमेरा पुढ्यात असला की मला धीर येतो. तो नसला की हातांचं काय करायचं तेच कळत नाही.

“तुम्हाला कंटाळा येत नाही?” तिने विचारलं. “दिवसभर लोकांना ‘हसा, हसा’ म्हणायचा?”

“मी ‘हसा’ म्हणत नाही. ‘हसा’ म्हटलं की लोक दात दाखवतात. मी फक्त ‘हलू नका’ म्हणतो.”

“आणि ते ऐकतात?”

“नवरदेवसुद्धा ऐकतो. आयुष्यात त्यानंतर कुणाचं ऐकत नसेल, पण माझं ऐकतो.”

ती हसली. आईने बांधून दिलेली घावणं आम्ही खाल्ली. मग तिने तिच्या गावाबद्दल सांगितलं, पंचगंगेच्या पुराबद्दल, पहिलीच मुलगी झाली म्हणून रुसलेल्या आणि नंतर तिला मांडीवरून खाली न ठेवणाऱ्या आजोबांबद्दल. मला ऐकताना एवढं बरं वाटत होतं, की ते अंडं चार वर्षं फुटलं नसतं तरी माझी तक्रार नव्हती. मग एकदम, पानावरचा किडा झटकावा तशी ती म्हणाली, “येत्या रविवारी बडोद्याचा मुलगा बघायला येतोय मला. इंजिनीअर आहे.”

मी म्हणालो, “चांगलं आहे.”

चांगलं आहे! आज चौतीस वर्षांनंतरही ते दोन शब्द आठवले की माझ्याच थोबाडीत मारावीशी वाटते. समोर मुलगी स्वतःहून दार किलकिलं करते, आणि आपण बाहेरून कडी लावून ‘चांगलं आहे’ म्हणतो.

मग तिने वही उघडली आणि लिहीत बसली. अंडं दहापर्यंत जैसे थे होतं. आम्ही खाली उतरलो.

मंगळवारी पाऊस धो धो लागला. बांबूच्या पानांवरून धारा लागल्या होत्या. कॅमेरा मी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून पोटाशी धरला होता आणि शैलजा छत्री अंड्यावर धरून बसली होती, स्वतः भिजत. अंड्याच्या टोकाला केसाएवढी चीर गेली होती. ती ते बघून एवढी हरखली, की तिच्या घोट्याला चिकटलेली जळू तिला जाणवलीही नाही. भागीने कमरेच्या पिशवीतला चुना बोटावर घेऊन जळवेला लावला, ती गळून पडली, आणि मग मला बाजूला, बेटाच्या पलीकडे घेऊन गेली.

“सांगलंस?”

“काय?”

“मेल्या, माका काय डोळे नाय?”

मी पायांकडे बघायला लागलो. “मावशे, ती एम.एस्सी. मी मॅट्रिक.”

“मगे? तिच्या साळंत नाव घालूचा आसा तुका?”

“तसं न्हय गे...”

“चेडू तीन दिस चिखलात बसता. ता काय सगळां भुताच्या जाळ्यासाटी?” तिने चुन्याचं बोट माझ्याच सदऱ्याला पुसलं. “उद्या बोल. नायतर माझ्या रानात परत येव नको.”

रात्रभर मी छताकडे बघत काय बोलायचं ते ठरवलं. सरळ विचारायचं, पण कधी? एसटीत लोक असतात. वाटेत चढ असतो, धाप लागते. शेवटी मनाशी पक्कं केलं. जाळी पूर्ण उतरली, की ती खुशीत असेल, त्या क्षणी विचारायचं. वाक्यसुद्धा घोकलं होतं. “मॅडम, बडोदा फार लांब आहे. सावंतवाडी जवळ आहे.” आज हसू येतं, पण मला ते तेव्हा फार मोठं वाक्य वाटलं होतं.

बुधवारी आम्ही पोचलो तेव्हा पाऊस थांबला होता आणि भागी दगडाजवळ आमच्या आधीच येऊन बसली होती. तिने हनुवटीनेच दाखवलं.

अंडं फाटलं होतं. त्यातून वीतभर उंच, पांढराफटक, पावासारखा जाळीदार दांडा वर आला होता, आणि दांड्यावर शेवाळी रंगाची, चिकट टोपी. टोपीच्या कडेखाली काहीतरी पांढरं, चुरगळलेलं, घडी केल्यासारखं दिसत होतं. आणि वास! मेलेल्या उंदराचा वास परवडला. माश्या कुठून आल्या देव जाणे, त्यांचं जणू वऱ्हाडच आलं. असल्या वासात प्रेमाच्या गोष्टी कुणाला सुचतील, असं तुम्ही म्हणाल. पण मला सुचत होत्या.

“पंचा धरा,” मी म्हणालो. बेटाखाली उजेड फार कमी होता. पांढऱ्या पंच्यावरून उजेड परतवला की अळंबीच्या सावलीच्या बाजूला जरा जीव यायचा. शैलजाने पंचा धरला. मी स्टँड जमिनीलगत आणला, पोटावर पडलो, डोळा कॅमेऱ्याला लावला.

आणि जाळी उतरायला लागली.

तुमच्या-माझ्या डोळ्यांना ती हलताना दिसत नाही. पण एकदा बघा, नजर वळवा, पुन्हा बघा, तर बोटभर खाली आलेली. घडी सुटत होती. भोकं मोठी होत होती. बाईने नवीन साडीची घडी मोडावी तशी ती सगळ्या बाजूंनी सारखी खाली येत होती. मी एक फोटो काढला, दुसरा काढला. चार सेकंदांचा एकेक फोटो. चार सेकंद काहीही हलता कामा नये. वारा नको, पान नको, माशी नको.

“बाय, ठेव तां. बस हंय,” भागीचा आवाज आला. पंचा खाली गेला. मी चिडून वर बघितलं, तर शैलजा दगडावर बसली होती. भागी तिच्यापासून थोडी दूर, मातीत. दोघींचे हात मांडीवर.

“मॅडम, पंचा...”

“आता उजेड आलाय, पेडणेकर. बघा.”

खरंच, ढग फाटून बेटाच्या शेंड्यांतून एक कवडसा खाली आला होता, आणि थेट तिच्यावर पडला होता. अळंबीवर म्हणतोय मी. जाळी जवळजवळ जमिनीला टेकली होती. तसं काही मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही. रोलमध्ये छत्तीस फोटो, त्यातले चौदा झाले होते. मी भिंगाची कडी फिरवली, आणखी जवळ सरकलो.

“ह्यो मेलो बघता खंय?” भागी म्हणाली. “ह्यो भोकातसून बघता. ऊठ रे. हंय येवन बस.”

“एक मिनिट, मावशे.”

सतरा, अठरा, एकोणीस. आता ती पूर्ण उतरली होती. ठरवल्याप्रमाणे आता मला उठायचं होतं, बडोद्याचं वाक्य म्हणायचं होतं. मला ते आठवत होतं, हे शपथेवर सांगतो. पण डाव्या बाजूने अजून काढलं नव्हतं. वरून काढायचं राहिलं होतं. आणि ढग परत येत होते.

“पेडणेकर...”

तिचा आवाज इतका हळू होता, की मला वाटलं ती भागीशी बोलतेय. मी सेकंद मोजत होतो. एक हजार एक, एक हजार दोन...

“पेडणेकर, जरा ऐकता का?”

“हलू नका,” मी म्हणालो. कॅमेऱ्यातून डोळा न काढता. “आत्ता बोलूसुद्धा नका मॅडम, श्वासाने हलते ती.”

नवरदेवही माझं ऐकतात, तिनेही ऐकलं.

छत्तिसावा फोटो झाला, रोल अडला, आणि मी डोकं वर काढलं. किती वेळ गेला होता कुणास ठाऊक. जाळीची खालची कड मऊ पडून दांड्याला चिकटायला लागली होती. टोपीवरचा चिकटा माश्यांनी चाटून साफ केला होता. कवडसाही गेला होता.

“झालं!” मी म्हणालो. “एकापेक्षा एक आलेत मॅडम! सरांनी डोळे पुसून बघावेत!” आणि मग आठवून, “तुम्ही काहीतरी म्हणत होता?”

“नाही,” ती म्हणाली. “काही नाही.”

ती अळंबीकडेच बघत होती. जाळी दांड्याभोवती गोळा होत एका अंगाने झुकली, मग दांडाच मोडला, आणि सगळं पानांत आडवं झालं. तोवर कुणी उठलं नाही. मग भागी उठली, लुगडं झटकलं आणि माझ्याकडे न बघता वाड्याच्या वाटेला लागली. जाताना शैलजाच्या डोक्यावरून मात्र हात फिरवून गेली.

तुम्ही विचाराल, मग वाटेत का नाही बोललास? बोललो की. भिंगांबद्दल बोललो, रोल कोल्हापुरात धुवायचा की मुंबईला पाठवायचा त्याबद्दल बोललो. ती ‘हो’, ‘बरं’ म्हणत होती, आणि तिचं ‘हो’ ऐकून माझं ते वाक्य घशातल्या घशात विरघळत गेलं. एकदा हुकलेली वेळ पुन्हा कशी आणायची, हे मला माहीत नव्हतं. एसटी स्टँडवर अडीचची गाडी उभीच होती. तिने खिडकीतून हात बाहेर काढला.

“फोटो आले की पाठवतो,” मी म्हणालो.

“पाठवा,” ती म्हणाली.

गाडी गेली. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात. माझ्या बाबतीत कर्मानेसुद्धा नाही, कॅमेऱ्याने नेलं.

फोटो अप्रतिम आले. छत्तीसपैकी एकतीस उत्तम. पाठवले. तिचं पत्र आलं. सरांनी मान्य केलं, प्रबंधात फोटोखाली तुमचं नाव घालते आहे, आभारी आहे. मार्गशीर्षात लग्नाची पत्रिका आली. मी त्या छत्तीस फोटोंत तिला शोधलं. पदराचं टोक, हाताची सावली, काहीतरी. एकातही नव्हती. आठ दिवस ती माझ्यासमोर होती आणि तिचा एकही फोटो मी काढला नव्हता.

पुढे दोन वर्षांनी माझं लग्न झालं. प्रमिला मालवणची. दुकानाच्या भिंतीवर त्या अळंबीचा मोठा फोटो लावलेला होता. गिऱ्हाइकं विचारायची, दिव्याची शेड आहे का, की कुणाचा फ्रॉक आहे? प्रमिलाने विचारलं तेव्हा मी पहिल्याच वर्षी सगळं सांगून टाकलं. तेव्हापासून ती त्या फोटोला सवत म्हणते. “सवतीवर धूळ बसलीय, पुसा जरा,” असं गिऱ्हाइकांसमोर म्हणायची. संसार चांगला झाला. मुलगी शिकली, पुण्याला आहे. मी सुखी नव्हतो असं म्हटलं तर ते खोटं होईल.

पण दर श्रावणात एक सकाळ मी दाणोलीला जायचो. प्रमिला न विचारता डबा द्यायची. भागीने मला परत येऊ नको म्हटलं होतं, पण हाकललं कधी नाही. ती त्या दिवसाबद्दल अवाक्षर बोलायची नाही, आपली चहा द्यायची. मग भागी गेली. एका वर्षी बेट फुलाला आलं, आणि बांबूचं जसं असतं, एकदाच फुलून सगळं बेट वाळून गेलं. जाळीची अळंबी मला पुन्हा दिसली नाही. आणि दर वर्षी त्या दगडापाशी उभं राहून मी एकाच गोष्टीचा विचार करायचो. ती काय म्हणणार होती? कधी वाटायचं, तीच विचारणार होती. कधी वाटायचं, चुना मागणार होती जळवेला. एवढ्या वर्षांत मी तिच्या तोंडी इतकी वाक्यं घातली, की माझी मलाच लाज वाटावी.

मागच्या श्रावणात, दुपारी दोनच्या सुमाराला, मी झेरॉक्स मशीनमध्ये अडकलेला कागद ओढत होतो. आता दुकानात फोटोपेक्षा झेरॉक्सच जास्त. काउंटरसमोर एक बाई येऊन उभी राहिली. केस सगळे पांढरे, खांद्याला कापडी पिशवी. ती माझ्याकडे बघत नव्हती, भिंतीकडे बघत होती.

“अजून आहे हा?” ती म्हणाली.

मी आवाजावरून ओळखलं. माझ्या हातातला कागद फाटला.

आतून प्रमिला आली. तिने त्या बाईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तीसेक वर्षांच्या संसारात थोडं कमी-जास्त, पण माणूस कळतोच. “या, बसा ना,” ती म्हणाली. “मी चहा टाकते.” आणि लगेच आत गेली.

शैलजा गिऱ्हाइकांच्या बाकावर बसली. कॉलेजात तिचं व्याख्यान होतं, साडेचारच्या गाडीने परत जायचं होतं. बडोद्याहून ती दहा वर्षांपूर्वी कोल्हापूरला परतली होती. नवरा मागच्या वर्षी गेला. मुलगा परदेशात. सगळं तिने दोन मिनिटांत सांगितलं आणि पुन्हा फोटोकडे बघायला लागली.

“किती सुंदर काढलाय हो.”

“जाळीतली भोकं मोजता येतात,” मी म्हणालो. “मी मोजलीत.”

“मोजणारच तुम्ही.”

मग मी विचारलं. एवढी वर्षं थांबलो होतो, आणखी पाच मिनिटं थांबवलं नाही. “त्या दिवशी तुम्ही मला हाक मारली होती. दोनदा. मी ‘हलू नका’ म्हणालो. तुम्ही काय सांगणार होता?”

मला वाटलं ती म्हणेल, कधी? किंवा, आठवत नाही. पण तिला आठवावंही लागलं नाही.

“मी म्हणणार होते, तो कॅमेरा ठेवा आणि इथे माझ्याजवळ येऊन बसा.”

मी काउंटर घट्ट धरला.

“भागीमावशीने मला तेवढ्यासाठीच दगडावर बसवलं होतं,” ती म्हणाली. “मी सरकून जागाही केली होती. वीस फोटो झाले होते तुमचे. माझा प्रबंध एका फोटोत होणार होता.”

“मी पाहिलं नाही.”

“तुम्ही जाळीसुद्धा पाहिली नाही, पेडणेकर. मी पाहिली, मावशींनी पाहिली.” त्यात राग नव्हता. बोलताना तिचे हात मांडीवर होते.

“आणि बसलो असतो तर?”

“तर बसला असतात!” ती हसली, अगदी त्या धुकट फोटोंना हसली होती तशी. मग हसणं ओसरलं. “मी तेवढंच ठरवलं होतं हो. पुढचं तुम्ही बोलाल असं वाटलं होतं.”

मला रडायला आलं. साठी उलटलेल्या माणसाने दिवसाढवळ्या दुकानात रडू नये, म्हणून मी झेरॉक्स मशीनचं झाकण उगाच उघडलं, बंद केलं. बडोदा फार लांब आहे, सावंतवाडी जवळ आहे, हे वाक्य अजून घशात तसंच होतं, आणि आता ते कुणाच्या उपयोगाचं नव्हतं. मग मी काउंटरची फळी वर केली, बाहेर आलो आणि बाकावर तिच्या शेजारी जाऊन बसलो. ती थोडी सरकली. रस्त्यावर शाळा सुटलेली मुलं चालली होती, ती दोघं बघत बसलो.

प्रमिला ट्रे घेऊन दारापर्यंत आली. आम्हाला तसं बसलेलं पाहून उंबऱ्यावरच थांबली.

“अगंबाई, साखर विसरले,” असं म्हणून ती ट्रेसकट पुन्हा आत गेली.

आमच्याकडे साखर चहा उकळतानाच घालतात.